हत्यार कुणाचं?

“वैजा, तुझं सामान उचल तिथनं. कोपऱ्यात ठेव.”

आबा असं म्हणाले तेव्हा त्यांच्या हातात झेंडूची माळ होती आणि पुढ्यात सतरंजीवर हत्यारांची ओळ मांडलेली होती. वाकस, रंधे, करवती, पटाशा, गिरमिट, शिवाय नवीन घेतलेलं कटर मशीन. त्या मशीनला तर जावयाला घालावा तसा मोठा हार घातला होता. ओळीच्या शेवटी मी माझी पिशवी सोडत होते, एवढंच.

खंडेनवमीची सकाळ होती. कोल्हापूरच्या बाहेर, पन्हाळ्याच्या रस्त्याला एका बंद पडलेल्या गुळाच्या गोदामात आम्ही टीव्हीच्या मालिकेचा सेट उभा केला होता. पाटलाचं घर. पुढनं बघितलं की दगडी, चिरेबंदी, माणूस बघत राहील असं. मागनं बघितलं की सगळं प्लाय, पट्ट्या आणि टेकू. आबा म्हणजे दत्तोबा पांचाळ, माझे वडील, आणि आमच्या टोळीचे मुख्य मिस्त्री. मी त्यांची एकुलती एक लेक आणि कागदोपत्री हेल्पर.

“सामान कसलं आबा? करवत आहे ती. कालपर्यंत तुमच्यासमोरच चालवत होतो की.”

आमच्या कोल्हापुरात बायकाही ‘आलो, गेलो, चालवत होतो’ असंच बोलतात. प्रॉडक्शन मॅनेजर पराडकर मुंबईचा, तो माझ्या बोलण्यावर फिदीफिदी हसायचा. हसू दे. त्याला खिळा कुठल्या बाजूनं ठोकतात ते विचारलं असतं तर मीही हसले असते.

“तुझं ते सामान,” आबा म्हणाले. “हत्यार मिस्त्रीचं असतं.”

हा आमच्या टोळीचा रिवाज. खंडेनवमीला ज्याचं हत्यार ओळीत बसलं तो मिस्त्री. मिस्त्रीला सेट अंगावर मिळतो, म्हणजे पहिल्या पट्टीपासून शेवटच्या खिळ्यापर्यंत सगळं त्याच्या शब्दानं चालतं. ओळीत नाही तो हेल्पर, मग त्यानं ताजमहाल का बांधेना. दिवाळीनंतर दुसऱ्या एका मालिकेसाठी इस्पितळाचा सेट लागणार होता आणि तो मला अंगावर हवा होता. आबांना ते ठाऊक होतं. सगळ्या टोळीलाच ठाऊक होतं, कारण मी काही मनात ठेवणारी नव्हे.

“मग मी मिस्त्री कधी व्हायचं?”

“बघू पुढच्या वर्षी.”

आमच्याकडं पुढचं वर्ष दरवर्षी पुढंच सरकायचं. पहिल्या वर्षी मी लहान होते, मग माझं लग्न ठरत होतं, मग ते मोडत होतं. त्या वर्षी काय कारण होतं ते मी विचारलंच. उत्तर दिलं पिराजीमामांनी. पिराजीमामा टोळीतले आबांच्या खालचे मिस्त्री. मनानं वाईट नाहीत, पण जीभ डोक्याच्या आधी उठायची.

“अगं, बाईमाणसाला कधी काय अडचण असती. देवाच्या कामात कशाला उगीच?”

“पिराजीमामा, अडचण आली की मी तुम्हाला येऊन सांगत जातो. आज नाही.”

मामा लाल झाले आणि हातातला नारळ उगीचच पुसत बसले. मागं कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. ते आमचे पेंटर बाबालालचाचा. जातीनं मुल्लाणी, रोज नमाज पढणारा माणूस, पण त्यांचे ब्रश दरवर्षी ओळीत असायचे आणि कुंकू लावलं की ते स्वतः हात जोडायचे. मी त्यांच्या ब्रशांकडं बोट केलं.

“चाचांचे ब्रश चालतात. माझा रंधा चालत नाही.”

“पोरी, माझ्याकडनं काही ना नाही बघ,” चाचा म्हणाले. “तुझ्या बापाला विचार.”

बाप माळ घालण्यात गुंतला होता. मला सुतारकाम कुणी शिकवलं? ह्याच माणसानं. हातावर हात ठेवून रंधा कसा मारायचा ते ह्यानंच दाखवलं. ह्याच सेटच्या मुख्य दरवाजाची चौकट मी केली, वरच्या गणेशपट्टीवरचा गणपती मी कोरला, आणि आर्ट डायरेक्टरनं वा म्हटलं तेव्हा ह्यानंच मिशीवरनं हात फिरवला. मग मिशी तुमची आणि हात कुणाचा?

असं मी म्हणाले नाही. पिशवी उचलली आणि कोपऱ्यात रंगाच्या डब्यांशेजारी नेऊन ठेवली. रडू बिलकूल आलं नाही. राग आला, आणि मला राग आला की मी गप्प होते. जे मला ओळखतात ते अशा वेळी जरा लांब उभे राहतात.

पूजा झाली, नारळ फुटला, खोबरं वाटलं. माझ्या हातावर आबांनी खोबऱ्याचा तुकडा ठेवला, तो मी खाल्ला. खोबऱ्याशी माझं भांडण नव्हतं.

दुपारी घोडा आला.

चॅनलवाल्यांनी आदल्या दिवशी गोष्ट बदलली होती. आता दसऱ्याच्या भागात हिरो घोड्यावर बसून, फेटा बांधून, दरवाजातनं थेट पाटलांच्या अंगणात येणार होता. घोडा पांढरा, देखणा, कपाळाला गोंडे. घोडेवाला येताच सांगून मोकळा झाला, की उद्या दसऱ्याची मिरवणूक आहे, घोडा आजच्या दिवसच मिळेल. कॅमेरा लागला, हिरो निघाला, आणि फेटा माझ्या गणेशपट्टीला धडकून मागं पडला. हिरोही त्याच्या मागोमाग पडायचा, पण घोडा शहाणा, तो आपण होऊन मागं सरला.

पराडकर धावत आबांकडं आला.

“दत्तोबा, ती वरची पट्टी काढा आणि दरवाजा हातभर उंच करा. तासाभराचं काम आहे.”

“तासाभराचंच आहे,” आबा म्हणाले. “पण आज होणार नाही. हत्यारं पूजेला बसलीत. उद्या सकाळी उठतील.”

“अहो, हत्यारं काय बसतात आणि काय उठतात?”

“बसतात.”

आबांचं ते ‘बसतात’ मला आवडलं. कितीही राग असला तरी बाप आवडायचा थांबत नाही. पराडकरनं आधी हसून बघितलं, मग डोळे वटारून, मग हातापाया पडून. पिराजीमामांनी त्याला समजावलं, की पूजेतलं हत्यार उचललं तर वर्षभर हात कापतो. पराडकरनं बाहेरचा सुतार आणायचं ठरवलं आणि मोबाईल कानाला लावला. पण कोल्हापुरातला कुठला सुतार खंडेनवमीला करवत हातात घेणार? एकानं तर त्याला फोनवरच शिव्या घातल्या. हार्डवेअरच्या दुकानातनं नवी करवत आणायला ड्रायव्हरला पिटाळलं, तो परत आला. तिथल्या तराजूलासुद्धा हार होता.

आणि मग पराडकरची नजर कोपऱ्यात गेली.

“ही पिशवी कुणाची? ह्यात करवत दिसतेय.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी कामाच्या लाकडी घोडीवर बसून चहा पीत होते, तो पीत राहिले.

“वैजाची आहे ती,” आबा म्हणाले.

“तिची पूजा झालेली नाही ना?”

“नाही.”

आबांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. सकाळपासनं गळ्यात अडकलेला घास उतरला जणू. “वैजा,” ते म्हणाले, “तुझं सामान मोकळंच आहे. तू कर चौकट.”

“हो, हो, हिनंच केलीय ना मूळची?” पराडकर म्हणाला. “मग प्रश्नच मिटला. हे बघ, तू आज मला एवढं काढून दे, दिवाळीनंतरच्या इस्पितळाच्या सेटवर तुझं नाव घालतो. माझा शब्द.”

खोटं कशाला सांगू, मन हललं. कप खाली ठेवला. मला जे हवं होतं ते हा परका माणूस पानावर वाढून देत होता, आणि माझ्या बापाची त्याला हरकत नव्हती. फक्त जायचं होतं, पिशवी उघडायची होती, आणि मीच कोरलेल्या गणपतीखाली करवत घालायची होती.

“मिस्त्री म्हणून नाव घालणार?” मी आबांना विचारलं.

“साहेब घालतात म्हणाले ना.”

“साहेबांना कुठं विचारलं? तुम्हाला विचारतोय. मी आज चौकट कापली तर मिस्त्री?”

आबा टोळीकडं बघायला लागले. पिराजीमामा छताकडं बघायला लागले.

“ते पुढच्या वर्षी बघू म्हटलं की,” आबा म्हणाले. “आता काम कर.”

म्हणजे सणाच्या दिवशी ज्याला हत्यार धरायला चालतं ते कोण? ज्याचा सण नाही ते. मिस्त्री लोकांनी पूजा करायची आणि त्यांच्या पूजेला बाध येऊ नये म्हणून मी राबायचं. आणि त्याची बक्षिसी दुसऱ्यानं द्यायची.

मी उठले. कोपऱ्यात गेले, पिशवी खांद्याला मारली. पराडकर ओरडला, “चला, कॅमेरा तयार ठेवा.” मी दरवाजाकडं न जाता सतरंजीपाशी गेले आणि मांडी घालून बसले.

आधी करवत काढली. मग रंधा, मग पटाशी, मग काटकोन बघायचा गुण्या. ओळीच्या शेवटाला, चाचांच्या ब्रशांना लागून, एकेक करून मांडलं. तबकातली हळद लावली, कुंकू लावलं. फुलं संपली होती, म्हणून आबांच्या रंध्यावरचं एक फूल उचललं आणि माझ्या करवतीवर ठेवलं. त्यांच्याकडं बरीच होती. मग हात जोडले. देवाला काय मागितलं ते आठवत नाही. बहुतेक काही मागितलंच नाही, भांडायला आलो आहे एवढं कळवलं.

“वैजा,” आबा मागनं म्हणाले. “उचल ते.”

“आता कसं उचलू? बसलीत ती. उद्या सकाळी उठतील.”

“थट्टा लावलीस काय? ते सामान आहे तुझं.”

मी उठून बाजूला झाले. हातानं जागा करून दिली.

“सामान आहे ना? मग तुम्ही उचला. सामान उचलायला मिस्त्रीला काय अडचण? धार कालच लावलीय. घ्या आणि कापा चौकट. मी काही बोलत नाही.”

गोदामात माणसं होती, लाइटवाले होते, हिरो फेटा मांडीवर घेऊन बसला होता. सगळे माना वळवून बघत होते. पराडकरला काय चाललंय ते उमगत नव्हतं, पण करवत बापानं धरली काय आणि लेकीनं धरली काय, त्याला सारखंच होतं. तो म्हणाला, “बरोबर आहे तिचं. दत्तोबा, घ्या ना तुम्हीच.”

आबा पुढं आले. माझ्याकडं असं बघितलं की दुसरी कुणी असती तर पळाली असती. मग वाकले. हात करवतीच्या मुठीपाशी नेला.

सागवानाची मूठ, माझ्या हाताच्या मापानं मीच घासून केलेली. तिच्यावर ओलं कुंकू. आबांची बोटं मुठीच्या वर आली आणि तिथंच थांबली. मी त्यांच्या हाताकडं बघत होते. त्या हातानं आयुष्यात कधी पूजेतलं हत्यार उचललं नव्हतं, आणि आता तो खालीही जाईना आणि वरही येईना. तोंड काहीही म्हणो, हाताला कळत होतं समोर काय आहे ते.

“दत्तोबा, नको,” पिराजीमामा एकदम बोलून गेले. “कुंकू लागलंय. हत्यार आहे ते.”

बोलले आणि स्वतःच दचकले. चाचा या वेळी उघड हसले.

आबा सरळ झाले. हात धोतराला पुसला, जरी हाताला काहीच लागलं नव्हतं.

“होत नाही साहेब,” ते पराडकरला म्हणाले.

“होत नाही म्हणजे? तुम्हीच म्हणालात सामान आहे म्हणून.”

“होत नाही म्हटलं ना.”

मग पराडकर भडकला. माणसं, परंपरा, कोल्हापूर, सगळ्यांचा उद्धार झाला. शेवटी आबांच्या तोंडासमोर बोट नाचवत म्हणाला, “दिवाळीनंतरचा सेट विसरा. तुम्हीही विसरा आणि ही तुमची मुलगीही.”

“विसरलो,” आबा म्हणाले.

“मीही,” मी म्हटलं.

सेट गेला. खरोखरच गेला; पुढं तो सांगलीच्या एका टोळीनं उभा केला. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. सेट काय, आज उभा, उद्या आडवा. तो दयेनं मिळाला असता तर त्याची प्रत्येक पट्टी माझ्यावर डाफरली असती. त्या दिवशी काय, हिरो दरवाजाबाहेर घोड्यावरनं उतरला, लगाम धरून आत चालत आला, आणि चॅनलवाल्यांना तेच जास्त आवडलं. एवढ्यासाठी सगळा तमाशा.

संध्याकाळी आबांच्या मोटारसायकलवर मागं बसून घरी निघाले. पंचगंगेच्या पुलावर ते म्हणाले, “चारचौघांत माझी अब्रू घेतलीस.”

“तुमची घेतली नाही आबा. माझी ठेवली.”

“बापापेक्षा मोठी झालीस.”

“मोठी नाही. मिस्त्री.”

त्यांनी गाडी जोरात पळवली. घरी आईनं दोन ताटं वाढली, दोघांचीही तोंडं बघितली आणि तिसरं ताट आमच्या मध्ये घेऊन बसली. तिला काय झालं ते विचारायची गरज पडली नाही. मला एक पुरणपोळी जास्त वाढली आणि आबांना वाढताना म्हणाली, “घ्या, घ्या. तुमच्याच वळणावर गेलीय, आता ओरडून काय होणार?” आबांनी पोळी घेतली.

दसऱ्याच्या सकाळी हत्यारं उठवायची असतात. त्यालाही रीत आहे. मुख्य मिस्त्री ओळीच्या सुरुवातीला उभा राहतो, एकेक हत्यार उचलून कपाळाला लावतो आणि विचारतो, हत्यार कुणाचं? ज्याचं असेल तो नाव सांगतो आणि हातात घेतो. आपलं हत्यार आपण उचलायचं नसतं, दुसऱ्यानं द्यावं लागतं.

आबांनी सुरुवात केली. “हत्यार कुणाचं?” “पिराजी मिस्त्रीचं.” वाकस गेला. “हत्यार कुणाचं?” अशी एकेक करवत, एकेक रंधा गेला. चाचांचे ब्रश आले. “हत्यार कुणाचं?” “बाबालाल मिस्त्रीचं,” चाचा म्हणाले आणि ब्रश घेऊन छातीशी धरले.

राहिली माझी हत्यारं. करवत, रंधा, पटाशी, गुण्या. करवतीवरचं फूल रात्रीत सुकलं होतं. आबा तिच्यापुढं आले. उभे राहिले. मी पुढं झाले. टोळीतला एकही माणूस कामाला गेला नाही, सगळे उभे होते.

आबांनी विचारलं नाही. ते वळले आणि म्हणाले, “चला. झालं. कामाला लागा.”

सगळे हलले. पिराजीमामा माझ्याकडं न बघता वाकस खांद्यावर टाकून निघाले. माझी हत्यारं सतरंजीवर पडून. दुसऱ्यानं दिल्याशिवाय उचलायची नाहीत, आणि देणारा पाठमोरा चाललेला. अशी गंमत केली होती बापानं. ओळीतनं काढताही येत नाहीत आणि हातातही येत नाहीत, तर राहू देत तिथंच वर्षभर.

माझं डोकं फिरलं. मी ओळीच्या तोंडाशी, जिथं मुख्य मिस्त्री उभा राहतो तिथं जाऊन उभी राहिले. तिथनं चालत करवतीपर्यंत आले. वाकले, करवत उचलली, कपाळाला लावली.

“हत्यार कुणाचं?” मी विचारलं. गोदामाचे पत्रे वाजले असतील.

सगळे थांबले. आबाही थांबले, पण मागं वळले नाहीत. उत्तर द्यायचं काम माझंच होतं.

“वैजयंता मिस्त्रीचं.”

आणि करवत मी माझ्या डाव्या हातातनं उजव्या हातात दिली. रीत मोडली म्हणा, नाहीतर पाळली म्हणा. मग रंधा उचलला, तोच प्रश्न, तेच उत्तर. मग पटाशी. मग गुण्या. प्रत्येक वेळी तेवढ्याच मोठ्यांदा. शेवटच्या वेळी चाचा माझ्याबरोबर म्हणाले, आणि मला वाटतं पिराजीमामांचेही ओठ हलले, पण ते आजतागायत कबूल करत नाहीत.

आबा अजून पाठमोरेच होते. खांदे ताठ. मी हत्यारं पिशवीत भरली, पिशवी खांद्याला लावली आणि त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. आता मारतात की काय असं वाटलं. मारलं असतं तर मारलं असतं. नाव सांगून झालं होतं.

“एवढ्या मोठ्यांदा ओरडायला काय झालं?” ते म्हणाले. “बहिरा नाही मी.”

“मग ऐकलं ना?”

आबांनी माझ्या खांद्यावरची पिशवी बघितली, मग मला बघितलं.

“ऐकलं, मिस्त्री,” ते म्हणाले आणि बाजूला होऊन मला वाट दिली.